आकाशाचा जमाखर्च

विजेच्या दिव्यांना विटून जो गृहस्थ अंधाराच्या शोधार्थ गावाबाहेर पडतो, त्यानेच निघताना साठ किलो वीज पेटीत भरून बरोबर न्यावी, हा विरोधाभास तर्कशास्त्राच्या एखाद्या क्रमिक पुस्तकात सहज शोभला असता. परंतु आकाशाची छायाचित्रे काढण्याचे व्यसन ज्यांस जडले आहे, त्या सज्जनांस त्यात यत्किंचितही विसंगती दिसत नाही. वांगणीच्या माळावर अमावास्येच्या सुमारास जमणाऱ्या आकाशप्रेमींत मी पुष्कळ वावरलो आहे, आणि पहाटेच्या लोकलने परतताना ‘काय पाहिलेत?’ असे एकमेकांस विचारणारे लोक मला त्या मेळाव्यात फारच थोडे आढळले. बहुसंख्यांचा प्रश्न एकच असतो : ‘किती व्होल्ट उरले?’

आमच्या पूर्वसूरींस ही विवंचना नव्हती. १८९८ च्या जानेवारीत सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपला सारा सरंजाम घेऊन तळ देऊन बसले होते; त्या सरंजामाच्या यादीत बॅटरी नावाची चिंता असल्यास तिने कोणाची झोप उडवल्याचे माझ्या वाचनात नाही. त्या काळच्या मोठ्या दुर्बिणी घड्याळाच्या यंत्राने फिरत, आणि ते यंत्र दोरीला टांगलेल्या वजनाने चाले. वजन खाली आले की कोणीतरी उठून ते पुन्हा वर चढवायचे, एवढाच काय तो इंधनाचा खर्च. गुरुत्वाकर्षण हा जगातला एकमेव पुरवठादार असा की ज्याने आजवर एकदाही भारनियमन केलेले नाही; आणि आम्ही प्रगतीच्या भरात नेमका त्याच्याशीच असलेला करार रद्द केला! याच नायगमवालांच्या वेधशाळेतील वीस इंची दुर्बीण पुढे १९१२ साली पुण्याहून कोडाईकनालला रवाना झाली. पुण्याची दुर्बीण तामिळ देशी नेण्याचा शिरस्ता अशा रीतीने फार जुना आहे, आणि माझ्या वाट्याला त्या परंपरेतील केवळ फजितीचा हप्ता आला आहे.

माझी सासुरवाडी कुंभकोणमची. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात तंजावर प्रांती उतरलेल्या आणि नंतर परत जाण्याचे विसरलेल्या मराठी घराण्यांपैकी हे एक घराणे. सासरे महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची मराठी तंजावरच्या जुन्या दप्तरातून थेट उठून आल्यासारखी भारदस्त, आणि हिशेबाची सवय अशी की कॉफीच्या डबऱ्यात साखर टाकतानाही त्यांचे ओठ आकडे पुटपुटत असतात. कुंभकोणमपासून सुमारे वीस किलोमीटरवर, वेट्टारच्या काठी, तिरुक्करुगावूर नावाचे गाव आहे, आणि त्या गावाबाहेर सासऱ्यांच्या एका नातलगाचे भाताचे शेत आहे. सासऱ्यांच्या दृष्टीने ते शेत म्हणजे साडेतीन पिढ्यांचा दिवाणी दावा होता. मला मात्र नकाशात पाहताक्षणी ते शेत अक्षांश १०.९ म्हणूनच दिसले.

याचे कारण खगोलशास्त्रीय आहे. ओमेगा सेंटॉरी नावाचा जो भव्य तारकागुच्छ, ज्यात सुमारे एक कोटी तारे दाटीवाटीने नांदतात आणि जो आपल्यापासून सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवर आहे, तो पुण्याहून पाहावा तर क्षितिजाच्या धुरकटात जेमतेम चोवीस अंश वर येतो. तिरुक्करुगावूरहून तो साडेएकतीस अंश चढतो. साडेसात अंशांच्या या लाभासाठी हजारावर किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या जावयाकडे सासऱ्यांनी ज्या करुणेने पाहिले, ती करुणा मी अन्यत्र केवळ डॉक्टरांच्या मुद्रेवर पाहिलेली आहे. तरीही त्यांनी दिवस सुचवला तो उत्तम. ‘महाशिवरात्रीला जा,’ ते म्हणाले. ‘चंद्र नसतो, आणि गाव जागे असते. चोरीस गेलात तर निदान साक्षीदार मिळतील.’

आता प्रश्न विजेचा. माझी सारी यंत्रे बारा व्होल्टवर चालतात, आणि बारा व्होल्टची एक धिप्पाड ट्युब्युलर बॅटरी सासुरवाडीच्या जिन्याखाली इन्व्हर्टरला जोडून नित्य तैनात असते. दीडशे अँपिअर-तासांची ती ठेव पाहून माझी नियत फिरली. सासऱ्यांनी मागणी ऐकून घेतली, चष्मा लावला आणि कोऱ्या कागदावर रीतसर मसुदा केला : ‘बॅटरी नग एक, पाण्याच्या पातळीचे फ्लोट नग सहा, सर्व शाबूत, सूर्योदयापूर्वी परत करण्याच्या बोलीने उसनवार दिली.’

‘हमी कोणाची?’ त्यांनी विचारले.

‘माझी.’

‘कर्जदार आणि जामीन एकच इसम चालत नाही,’ ते म्हणाले, आणि जामीन म्हणून त्यांनी आपल्या कन्येची सही घेतली. तिने ती सही ज्या तत्परतेने नाकारली आणि नंतर ज्या अटींवर दिली, त्यांचा तपशील खाजगी आहे.

तिरुक्करुगावूर हे गर्भरक्षांबिकेचे क्षेत्र. संतानाची इच्छा धरणारी जोडपी येथे तुपाचा प्रसाद घेण्यास येतात, गर्भवती स्त्रिया एरंडेलाचा प्रसाद नेतात, आणि नवस फळला की मूल घेऊन पुन्हा दर्शनास येतात. अशा गावाच्या वाटेवर दुर्बिणीची नळी शालीत गुंडाळून छातीशी धरलेला एक प्रौढ गृहस्थ रिक्षात बसला असता चालकाने काय समजावे? प्रत्येक खड्ड्याशी तो रिक्षा थांबवी, मागे वळून शालीकडे पाही आणि मग खरोखरच तान्ह्याला जपावे तसे चाक अलगद खड्ड्यात उतरवी. ‘मुलगा की मुलगी?’ त्याने अखेर विचारले. तामिळ भाषेवरील माझे प्रभुत्व ‘ऐंशी मिलिमीटर व्यासाची अपवर्तक दुर्बीण’ एवढे सांगण्यापर्यंत पोहोचलेले नसल्यामुळे मी ‘मुलगी’ असे उत्तर दिले. त्याने आनंदाने हॉर्न वाजवला. पायाशी ठेवलेली बॅटरी मात्र, तिच्याकडे कोणाचेच वात्सल्य नसल्यामुळे, दर खड्ड्याला डुचमळत होती; रिक्षाचा पत्रा खराब होऊ नये म्हणून तिच्याखाली सासऱ्यांची एक धुवट वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, अंथरली होती, तिचा उल्लेख पुढे यावयाचा आहे.

शेतात पोहोचल्यावर मी दरबार भरवला. बॅटरी हा खजिना, आणि बाकीचे सारे मानकरी. प्रत्येकाला नेमणूक हवी. पहिला मानकरी म्हणजे माउंट, जो पृथ्वीच्या उलट गतीने तेवीस तास छप्पन्न मिनिटांत एक फेरी या संथ हिशेबाने दुर्बीण फिरवतो. हा स्वभावाने काटकसरी, एका अँपिअरच्या आत भागवणारा, परंतु एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा हुकूम सुटताच एकदम तिप्पट मागणारा. दुसरा संगणक, तो काही करीत नसतानाही खातो. तिसरा कॅमेरा, आणि चौथा दवरोधक तापपट्टा. या शेवटच्या दोघांची जोडी ही मानवी बुद्धीच्या इतिहासातील एक अजब घटना आहे, म्हणून तिच्याविषयी अंमळ विस्ताराने सांगितले पाहिजे.

कॅमेऱ्याची संवेदक चकती उष्ण असली की चित्रात खोटे ठिपके उमटतात. म्हणून तिला थंड करण्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटात एक विद्युत् शीतक बसवलेला असतो. कावेरीच्या खोऱ्यात रात्री चोवीस अंश उष्णता असता हा शीतक त्या चकतीला शून्याखाली दहा अंशांवर नेऊन बसवतो, आणि त्यासाठी अडीच-तीन अँपिअर उचलतो. दुसरीकडे, कालव्यांनी आणि खाचरांनी भिजलेल्या त्या हवेत मोकळ्या आकाशाखाली ठेवलेले भिंग अर्ध्या घटकेत दवाने आंधळे होते. म्हणून भिंगाभोवती तापपट्टा गुंडाळून त्याला ऊब द्यावी लागते, आणि त्यासाठी आणखी दोन अँपिअर खर्ची पडतात. सारांश, हातभर लांबीच्या एकाच नळीच्या पुढच्या टोकाला शेकोटी आणि मागच्या टोकाला हिमालय, आणि दोहोंचे बिल एकाच खजिन्यावर! सासऱ्यांना मी हे दूरध्वनीवर समजावून सांगितले तेव्हा ते क्षणभर स्तब्ध झाले आणि म्हणाले, ‘आमच्या खात्यातही दोन कचेऱ्या अशा होत्या.’

त्यात शिसे-आम्लाच्या बॅटरीचा धर्म असा विचित्र की, तिच्यात दीडशेची ठेव असली तरी पंचाहत्तरच्या खाली हात घातला की तिचे आयुष्यच झिजू लागते. म्हणजे अर्धा खजिना केवळ पाहण्यासाठी. शिल्लक आहे, पण ती शिल्लक राहावी म्हणून खर्चता येत नाही, हे अर्थशास्त्र मला नवीन होते. माझ्या सासूबाईंना ते जन्मापासून अवगत आहे, आणि कपाटातील न वापरलेल्या पितळी भांड्यांच्या रूपाने त्यांनी ते आचरूनही दाखवले आहे.

खजिन्याचा बंदोबस्त लागल्यावर ध्रुवतारा शोधू लागलो, कारण माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखल्याखेरीज सारी मेहनत फुकट जाते. ध्रुवाची उंची स्थळाच्या अक्षांशाइतकी असते हा शालेय नियम; त्यान्वये तो येथे क्षितिजापासून अकरा अंशही वर नसणार, हे मला घरी बसून ठाऊक होते. त्या अकरा अंशांत शेजाऱ्याची नारळाची झाडे उभी आहेत, हे मात्र कोणत्याही पंचांगात दिलेले नव्हते. शेजारी स्वतः बांधावर येऊन उभा होता. मी झावळ्यांकडे बोट दाखवून त्या पलीकडे मला पाहावयाचे आहे असे खुणेने सांगितले. त्याने माझ्याकडे, मग झाडाकडे पाहिले, कमरेचा कोयता काढला, झरझर वर चढला आणि दोन शहाळी उतरवून माझ्या हाती दिली. ध्रुव अढळ राहिला, झावळ्याही.

शहाळी पिऊन मी अन्य मार्गाने अक्ष जुळवीत असता शिवरात्रीच्या जागरणाला निघालेल्या लोकांचे लक्ष माझ्या लाल दिव्याकडे गेले. मुल्लैवननाथाच्या, म्हणजे तेथल्या शिवलिंगाच्या, दर्शनाला जाणाऱ्या त्या भाविकांनी वाट वाकडी करून माझ्या बॅटरीचे दर्शन घेतले. त्या मूर्तीवर पाण्याचा अभिषेक होत नाही. वारुळाच्या मातीचे लिंग, म्हणून त्यास पुनुग नावाच्या सुगंधी द्रव्याचा लेप देतात, असे एका वृद्धाने मला सांगितले, आणि लगोलग विचारले, ‘सार, चार्ज होईल का?’ त्याने कनवटीचा मोबाइल काढला. नाही म्हणणे माणुसकीला सोडून झाले असते. माझ्या जोडपट्टीला यूएसबीची चार छिद्रे आहेत ही बातमी पुढच्या अर्ध्या तासात वेट्टारच्या दोन्ही काठांना पोहोचली असावी, कारण मध्यरात्रीच्या पूजेपर्यंत माझ्या खजिन्यावर माझ्यापेक्षा गावाचा हक्क अधिक झाला होता. ज्याचे शेत तो नातलग हे सारे पाहत शांतपणे उभा होता. त्याच्या पाठीमागे मोटरची खोली होती, तीत थ्री फेजचा प्रवाह होता, आणि तामिळनाडूत शेतीपंपाला वीज फुकट असल्यामुळे त्याला त्या प्रवाहाचे मोल काडीइतकेही नव्हते.

‘इथून घ्या ना,’ तो म्हणाला.

सरकारने पंपासाठी दिलेली वीज ताऱ्यांसाठी वापरणे हे मला नीतिशास्त्राविरुद्ध वाटते, असे बाणेदार उत्तर मी दिले. घरच्या प्रवाहाचे बारा व्होल्ट करणारा अडॅप्टर कुंभकोणमला राहिला होता, ही बाब त्या उत्तरात समाविष्ट करण्याचे प्रयोजन मला दिसले नाही.

एक वाजता सासूबाईंचा दूरध्वनी आला. घरची वीज गेली होती. शिवरात्रीनिमित्त बारा नातेवाईक जागरणास जमले होते, दूरदर्शनवर शिवमंदिरांतील पूजांचे प्रक्षेपण रंगात आले होते, आणि अशा समयी जिन्याखालचा इन्व्हर्टर बॅटरीवाचून मुका बसला होता. पाठीमागून सासऱ्यांचा स्वर स्पष्ट ऐकू आला : ‘मुदत सूर्योदयापर्यंतची आहे, त्याआधी जप्ती आणता येत नाही.’ कायद्याला धरून वागणारा सासरा हे जावयाचे केवढे भाग्य!

येथे एका क्षुद्र वस्तूचे वर्णन करणे प्राप्त आहे. मोटारीत सिगारेट पेटवण्यासाठी जे भोक असते, त्यात बसणारा खुंटा हाच आजही बारा व्होल्टच्या अनेक उपकरणांचा आधार आहे. त्या भोकाची घडण विजेची जोडणी टिकावी म्हणून झालेली नव्हती. तापलेली पेटवणी चटकन बाहेर पडावी म्हणून झाली होती. आणि आपले मूळ कर्तव्य तो खुंटा विसरलेला नाही : संधी मिळताच तो चटकन बाहेर पडतो. ज्याने आयुष्यात विडी ओढली नाही असा माझ्यासारखा मनुष्य दुसऱ्याच्या व्यसनासाठी घडलेल्या त्या भोकाशी अंधारात गुडघे टेकून झोंबत असतो, आणि सतरा हजार वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश डोक्यावरून निघून जातो.

तीन वाजता ओमेगा सेंटॉरी मध्यमंडलावर आला. मंदिरात शेवटच्या यामाच्या पूजेची तयारी चालली असावी. नादस्वराचे सूर शेतावरून येत होते. संवेदक शून्याखाली दहावर, भिंग उबदार, ध्यान एकाग्र. मी माउंटला हुकूम सोडला. त्याने सवयीप्रमाणे एकदम तिप्पट मागितले. बारीक तारेच्या लांबीत सुमारे एक व्होल्ट वाटेतच गळाला. बॅटरीच्या टोकाशी जे बारा होते ते यंत्राच्या दाराशी अकराच पोहोचले. लाल दिवा दोनदा मिचकावला आणि सारा दरबार बरखास्त झाला. पाठोपाठ मोबाइल लावून बसलेल्या वृद्धाने हळहळून विचारले, ‘सार, करंट गेला?’ म्हणजे गावाबाहेरच्या शेतात स्वतःची वीज स्वतः वाहून आणूनसुद्धा मनुष्याची वीज जाऊ शकते, हा शोध त्या रात्री तिरुक्करुगावूरला लागला, आणि त्याचे श्रेय निर्विवाद माझे आहे.

बॅटरी सूर्योदयापूर्वी पोहोचती झाली. सहाही फ्लोट शाबूत निघाले, पण सहाही तळाला गेलेले. वेष्टीचा गुन्हा मात्र नंतर उघडकीस आला. आम्लाचे शिंतोडे सुती कापडावर प्रथम दिसतच नाहीत. धुतल्यावर तिथले सूत विरते. सासूबाईंनी ती वेष्टी दांडीवर टाकली आणि उन्हाकडे धरून मला हाक मारली. मध्यभागी दाट, कडेला विरळ, अशी असंख्य प्रकाशबिंदूंची गोलाकार वसती त्या शुभ्र वस्त्रातून लखलखत होती. ‘तुम्हाला हेच हवे होते ना?’ त्यांनी विचारले. प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या आजवरच्या सर्व छायाचित्रांपेक्षा त्यात तपशील अधिक होता.

पुढल्या वर्षासाठी मी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली. हिचा खजिना जवळजवळ तळापर्यंत खर्चता येतो, वजन शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी, आणि व्होल्ट अखेरपर्यंत ताठ. शंभर अँपिअर-तास गुणिले बारा पूर्णांक आठ, म्हणजे बाराशे ऐंशी वॅट-तास. विमानात शंभर वॅट-तासांपर्यंतची बॅटरी हातसामानात नेता येते, एकशे साठपर्यंत कंपनीच्या परवानगीने. बाराशे ऐंशी ऐकल्यावर विमानतळावरील सुरक्षा अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहून आपली खुर्ची किंचित मागे सरकवली.

‘एवढ्या विजेचे काय करणार?’

‘अंधाराचा फोटो काढणार.’

त्याने हे उत्तर नोंदवहीत लिहून घेतले, बॅटरी माझ्या भावाच्या स्वाधीन केली, आणि ती पुढे मालमोटारीने कुंभकोणमला आली.

त्या शिवरात्रीला मी खुंट्याला रजा दिली, जाड तारा आणल्या, गावाच्या मोबाइलांसाठी स्वतंत्र तरतूद केली. नारळवाल्याने तर मी येताच न विचारता शहाळी उतरवली. काही म्हणता काही बिघडले नाही. आणि मग माझ्या लक्षात आले की, खजिना भरलेला असताना मनुष्याला आकाशाकडे पाहण्यास मुळीच सवड होत नाही. मीटर ब्याण्णव टक्के दाखवीत होता. मी दर पाच मिनिटांनी तो पाहून संतुष्ट होत होतो. ऐंशीवर आला तेव्हा बेचैन झालो आणि तापपट्ट्याची नेमणूक निम्म्यावर आणली. पंचाहत्तरला शीतकाला समज दिली. अडीचच्या सुमारास बंगालच्या उपसागरावरून ढग चालून आले, तेव्हा माझ्या मुखातून प्रथम उद्गार निघाला तो हा : ‘चला, एकाहत्तर टक्के वाचले!’ नातलग बांधावर बसला होता. त्याने विचारले, ‘वाचलेले आता कुठे वापरणार?’ त्या प्रश्नास बँकेत, बोहऱ्याच्या दुकानात किंवा भूतलावरील कोणत्याही कपाटासमोर आजवर कोणी उत्तर दिलेले नाही. मीही दिले नाही.

उत्तर सासूबाईंनी शोधले. कुंभकोणमच्या भागात महिन्यातून एकदा देखभालीसाठी सकाळपासून सायंकाळपर्यंत वीज बंद ठेवतात आणि तशी सूचना वर्तमानपत्रात आगाऊ येते. अशा एका दिवशी माझी शिलकी बॅटरी इन्व्हर्टरला जोडली गेली. तिच्यावर पंखा दिवसभर फिरला, मिक्सरवर नारळाची चटणी वाटली गेली, आणि दुपारच्या दूरदर्शन मालिकेतील सुनेचा छळ एका क्षणासाठीही खंडित झाला नाही. सासूबाईंनी आजूबाजूच्या घरांतील काळोखी खिडक्यांकडे एकवार पाहून मला पानात दुसऱ्यांदा पायसम वाढले, आणि या सोळा वर्षांच्या संसारात प्रथमच म्हणाल्या, ‘जावईबापू, तुमचा छंद चांगला आहे.’

तेव्हापासून मला कुंभकोणमहून अगत्याची बोलावणी येऊ लागली आहेत. सासरे बोलावण्याबरोबर वर्तमानपत्राचे कात्रणही धाडतात, आणि तारखेखाली लाल शाईची रेघ असते. गेल्या वेळी ती तारीख पौर्णिमेची निघाली. पौर्णिमेला आकाशातून काहीच टिपता येत नाही, असे मी परोपरीने कळवले. उलटटपाली उत्तर आले : ‘हरकत नाही. दुर्बीण आणण्याची तसदी घेऊ नये.’